भयपटाच्या रकान्यातला प्रसंग

आठवीतल्या एका मुलीचे लग्न मला थांबवता आले असते. तिने ते मला वेळेवर कळवले होते. मी तिची वही तपासून परत दिली.

वार्षिक परीक्षा आटोपली की आमच्या शाळेत काही दिवस मुले येतात, पण शिकवायला काही उरलेले नसते. सारंगखेड्याच्या अलीकडे आमचे गाव. केळीच्या बागांमधून उन्हात चालत येणाऱ्या मुलांना नुसते बसवून ठेवणे मला पटत नाही. म्हणून गेल्या वर्षी मी ‘चित्रपटांचे प्रकार’ हा विषय घेतला. फळ्यावर रकाने आखले: विनोदी, कौटुंबिक, रहस्यपट, युद्धपट, भयपट. मग समजावून सांगितले, की प्रकार केवळ घटनेवरून ठरत नाही. पाहणाऱ्याच्या मनात काय होते, यावरून ठरतो. दार वाजले. बाहेर कोण असेल, अशी उत्सुकता वाटली तर रहस्यपट. दार उघडूच नये असे वाटले तर भयपट.

“सर, मन्हा मामा जेवाले बसना का आमना घर भयपट!” मागच्या बाकावरून एक जण म्हणाला.

“आनि तू पेपर लिखस तो विनोदी!” शेजारच्याने लगेच सुनावले.

वर्ग हसला. मीही हसलो.

गृहपाठ दिला: पाहिलेला एक प्रसंग चित्रपटासारखा लिहा आणि वर त्याचा प्रकार नोंदवा. अट एकच, ‘मी’ हा शब्द वापरायचा नाही, कारण कॅमेरा नेहमी बाहेरून पाहतो. या अटीचे मला फार कौतुक होते.

ती मुलगी पहिल्या बाकावर बसे. विचारल्याशिवाय बोलत नसे. तिने लिहिले होते: ‘घरी पाहुणे येतात. सगळे हसतात. मुलीला भिंतीशी उभी करून तिची उंची पाहतात. मुलाची आई तिच्या हातात साडी ठेवते. पेढे वाटतात. आखाजीचा सण झाला की मुलगी जाणार आहे.’ वर प्रकार लिहिला होता: भयपट.

मी तो शब्द लाल पेनाने खोडला आणि ‘कौटुंबिक’ असे लिहिले. कारण न देता चूक दाखवणे मला अयोग्य वाटते, म्हणून समासात शेराही दिला: ‘प्रसंग आनंदाचा आहे. भीतीचे कारण दिसत नाही. अक्षर सुंदर.’

वही घेऊन ती टेबलाशी उभीच राहिली.

“सर, भयपट नहीं का तो?”

“नाही. नीट विचार कर, तुझ्याच लक्षात येईल.”

“बरं सर,” ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

जूनमध्ये नववीचा वर्ग भरला, तेव्हा ती आली नाही. चौथ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. आईने खाट टाकली, पाणी दिले. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, लग्न उरकले होते. मुलगी सुरतेकडे सासरी होती.

“लई रडनी सर ती,” आई सांगू लागली. “म्हने, सरले सांगेल शे, सर येतीन. आम्ही बी घाबरनूत. मंग तिनीच वही दखाडी. तिना बापनी वाची. तठे त तुम्ही लिखेल व्हतं, आनंदना प्रसंग शे.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. उलट आभारच होते. तिने चहा ठेवला, आणि मी तो घेतला.

तिथून ग्रामसेवकांकडे गेलो. असे विवाह रोखण्याचे काम त्यांच्याकडे असते, हे मीच नागरिकशास्त्रात शिकवतो. त्यांनी कागद पुढे ओढला.

“लग्नाआधी कळलं होतं का तुम्हाला?”

“हो.”

“मग?”

तक्रार लिहून घेतली गेली. मुलगी आली नाही. हजेरी घेताना मी अजून तिचे नाव पुकारतो. सुरुवातीला मुले “नहीं शे सर” म्हणत. आता तेही म्हणत नाहीत, मी पुढचे नाव घेण्याची वाट पाहतात.