गेणूची झील आणि कानातली बोंडं

शहाण्णव सालच्या दिवाळीला जावयानं वॉकमन दिला आणि निमगाव केतकीच्या गेणूच्या डोक्याला ताप झाला. वॉकमन चांगला होता, खोटं कशाला बोला. पण कानात खुपसायची ती काळी बोंडं! गेणूच्या मते त्यांच्यात दमच नव्हता, आणि उजव्या बोंडात तर मुळी जीवच नव्हता.

"निस्तं कुजबुजतंय ह्ये," तो बायकोला, सिंधुबाईला म्हणाला. "आवाज वाढवायची डबी लावल्याबिगर भागायचं न्हाय."

"बांधावर मला ऐकू येतंय, आन् तुमाला कानात न्हाय व्हय?" वांगी तोडता तोडता सिंधुबाई पुटपुटली आणि जीभ चावून गप्प झाली. गेणूनं ते ऐकलंच नव्हतं.

उतारवयात बुवाला गाण्याचं याड लागलं म्हणून हसू नका. कॅसेटवर गावच्या मेळ्यातल्या हिंदुरावांच्या ओव्या होत्या, आणि गेणू त्यांचा झिलकरी. धनगरांची मेंढरं कधीच गेली, माणसं बागायतीला लागली, पण जत्रेत बिरोबापुढं सुंबरान मांडायचं, ओव्या गाऊन देवाचं नाव घ्यायचं, कुणी सोडलं नव्हतं. हिंदुरावांनी देवाकडं तोंड करून ओवी सांगायची. गेणूनं त्यांच्या पाठीमागं बसून ओळीचं शेपूट उचलायचं आणि लांबवायचं, म्हणजे हिंदुरावांना दम खायला उसंत. शेपूट निसटलं की ओवी तुटली, आणि तुटकी ओवी देवाला पोचत नाही, असं गेणूचा बाप सांगायचा. बापही झिलकरीच होता. गेल्या जत्रेत गेणूचं शेपूट निसटता निसटता राहिलं, तेव्हापासून बिचाऱ्यानं धसका घेतला होता. कॅसेट लावून सगळं घोकून काढू, असं त्यानं मनाशी धरलेलं, आणि ही बोंडं ऐन वेळी दगा देत होती.

शेवटी तो इंदापूरला सोपानकडं गेला. सोपान रेडिओ, टेप दुरुस्त करायचा.

"बोंडात दम न्हाय. अँप्लिफायर बसव," गेणू म्हणाला.

सोपाननं बोंडं आपल्या कानात घातली, वॉकमन लावला आणि "आयोव!" म्हणून उपसून काढली. "तात्या, पडदं फाडताय का माझं? आवाज फुल हाय!"

"डावीकडं थोडा हाय. उजवं बोंड मेलंय."

"मग अदलाबदल करा. त्येच बोंड डाव्या कानात घाला. मेलं असंल तर डावा कान गप हुईल."

गेणूनं बोंडं बदलली. डाव्या कानात हिंदुराव तसेच लांबून बोलत राहिले. उजवीकडं तीच शांतता. त्यानं परत बदलली, परत तेच. बोंड इकडचं तिकडं झालं तरी शांतता जागची हलत नव्हती. ती त्याच्याच कानात मुक्कामाला आली होती.

गेणूच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "तुला काय कळतंय त्यातलं! डबी लाव म्हणतोय न्हवं? लाव!"

"लावतो की. कॅसेट झ्याक ऐकू यील," सोपान म्हणाला, आणि मग भान येऊन मोठ्यानं म्हणाला, "पर तात्या, जत्रंत काय करणार? हिंदुआबाच्या गळ्याला वायर कुठनं लावू?"

गेणूनं वॉकमन बंद केला. बोंडं गुंडाळून खिशात घातली आणि एस्टीत खिडकीशी बसून टॉवेलात तोंड खुपसून रडला. आपण बिनकामाचे झालो, एवढंच त्याच्या मनात येत होतं.

जत्रेच्या सकाळी तो हिंदुरावांच्या पाया पडला. "आबा, झिलंला दुसरा माणूस बघा. मला ऐकू येत न्हाय."

"ठावं हाय मला," हिंदुराव त्याच्या डाव्या कानाशी येऊन म्हणाले.

"ठावं हाय?"

"मग शेवटचा शब्द मी उगंच ताणतोय व्हय रं? मांडीवर थाप कुणासाठी मारतोय? समद्यास्नी ठावं हाय, गेणू."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं गेणूला झालं. तो स्वतःला पटाईत झिलकरी समजत होता, आणि इकडं सगळा मेळा त्याला लेकरासारखा सांभाळत होता.

"मग आता तरी सोडा मला," तो म्हणाला. "मागं बसून तुमची निस्ती पाठ दिसती. तोंड दिसलं तर कळंल. पर तुमच्या म्होरं बसाय गेलो तर देवाला पाठ हुती."

"हुती खरी," म्हणून हिंदुराव पटका बांधायला लागले.

उन्हं कलल्यावर ढोल थांबले. गेणू गर्दीत मागं उभा होता. सिंधुबाईनं त्याला दंडाला धरून त्याच्या जागेवर आणून बसवलं. हिंदुरावांनी कपाळाला भंडारा लावला, देवाला हात जोडले, आणि सरळ देवाकडं पाठ फिरवून गेणूच्या समोर मांडी घालून बसले.

"अवं आबा, देवाला पाठ?" म्हणून एकच गलका झाला.

"माझं मी बघून घेतो देवाशी!" हिंदुराव गरजले. "गेणू, माझ्या तोंडाकडं बघ."

पहिली ओळ आली. गेणूनं त्यांच्या ओठांवर शब्दन् शब्द पाहिला. कितीतरी दिवसांत इतकं स्वच्छ काही कळलं नव्हतं. शेपूट समोर आलं, फक्त उचलायचं होतं. पण आपल्यापायी आबांनी देवाला पाठ केली, हे त्याच्या मनात आलं आणि तोंडातून आवाजच फुटेना. ओवी तुटली. ह्या खेपेला कानाचा काही दोष नव्हता, आणि हिंदुराव त्याच्याकडं बघत, त्याची वाट पाहत बसून राहिले.