खांबांच्या आतल्या विटा

आर्वीजवळ एका कापूस व्यापाऱ्याचा जुना बंगला आहे. त्यावर मला कॉलेजसाठी प्रकल्प लिहायचा होता. मधोमध उंच दरवाजा, दोन्हीकडे सारख्या खिडक्या, पुढे चार गोल खांब. ही पद्धत इटलीतून इंग्रजांमार्फत आली आणि असे खांब दगडाचे असतात, असं पुस्तकात होतं. मीही दगडच लिहिला.

मोजमापाला टेप धरायला बाबा आले. ते गवंडी आहेत. त्यांनी खांबावर बोटांनी ठोकून पाहिलं.

"दगड कायचा? विटा हाय आत, वरून चुन्याचा गिलावा."

"पण बाबा, पुस्तकात दगड हाय."

"मंग पुस्तकवाल्यानं ठोकून पाह्यलं नसन."

संदर्भांच्या यादीत बाबांना घ्यावं का, सर हसतील का, यात माझे दोन दिवस गेले. शेवटी पुस्तकाच्या आधी लिहिलं: माझे वडील, गवंडी.