आमच्या वायफायचा कडक पासवर्ड

पाटोद्यातली आमची अख्खी गल्ली माझ्या वायफायवर चालते, हे सगळ्यात शेवटी मला कळलं.

एकदा दुपारी कापडाच्या दुकानातून जेवायला घरी आलो, तर मोबाईलवर बातम्या सांगणारा माणूस तोंड उघडून तसाच थांबलेला. वायफायच्या ॲपमध्ये पाहिलं. जोडलेल्यांत घरच्यांपेक्षा परकेच मोबाईल जास्त! शेजारच्या शकूमावशींच्या शेळ्या आमच्या अंगणात येतात, ते मी चालवून घेतो. पण त्यांचा मोबाईलही आत शिरलेला!

मी तिथंच ओट्यावर बसून नवा पासवर्ड टाकला. असा कडक, की गल्ली गारच. बायकोलाही सांगितला नाही. (ती शिरूरला माहेरी गेली होती, म्हणून हे धाडस जमलं.)

पुढच्या आठवड्यात मुलगी मुक्ता पुण्याहून आली. तिला लॅपटॉपवर नोकरीची मुलाखत द्यायची होती. वेळ जवळ आल्यावर तिनं पासवर्ड विचारला, आणि मीच त्या बातम्यांतल्या माणसासारखा थांबलो. आठवेना! माझ्या मोबाईलमध्ये पासवर्डच्या जागी नुसते ठिपके. कुलदैवत, दुकानाचं नाव, लग्नाची तारीख, सगळं टाकून झालं. (लग्नाची तारीखही चुकली, हे मुक्तानं दाखवून दिलं.) मोबाईलची रेंज आमच्याकडे पाहुण्यासारखी येते, आणि त्या दिवशी तीही आली नव्हती. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून मावशींच्या मोबाईलवरचं कीर्तन ऐकू आलं. कुठं अडखळत नव्हतं. मुक्ता धावतच भिंतीपाशी गेली.

"मावशी, आमचा पासवर्ड तुमाला म्हाईत हाय का?"

"कुणालाच देणार न्हाई."

मुक्ता रडवेली झाली. "मावशी, माझी मुलाखत हाय वो."

"अगं, मग तेच तर सांगायले. कुणालाच देणार न्हाई. इंग्रजी अक्षरांत, सगळं जोडून."

नेट लागलं. मुलाखत झाली, नोकरीही मिळाली. पेढे द्यायला गेलो तेव्हा मात्र मी जरा मालकाच्या आवाजात मावशींना विचारलं, की आमचा पासवर्ड तुम्ही चोरला कसा.

शेळीपुढं पाला टाकत त्या म्हणाल्या, "चोरायचं काय त्यात, भाऊ? तुमीच ओट्यावर बसून एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत व्हता. आमी इकडं दाबत गेलो."

आता मी पासवर्ड पुन्हा बदललाय. या वेळी तोंड गच्च मिटून, मनातल्या मनात. आणि लगेच जाऊन मावशींना सांगून आलोय. उद्या मी विसरलो, तर विचारायचं कुणाला?