हिंदुरावांचा सरळ खांब

हिंदुराव जगताप फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण ही बातमी त्यांच्या आवाजाला कुणी कळवली नव्हती. उत्तरेतल्या शास्त्रीनगरच्या दोन खोल्यांत ते दूध उतू चालल्याची वर्दीही कवायतीच्या सुरात देत. म्हणूनच डोंगरालगतच्या अभयारण्याच्या हद्दीवरचे झिजलेले खांब बदलायला मुकादम हवाय असं कळताच त्यांच्या पत्नी मालनताईंनी आनंदानं त्यांचा डबा भरला.

पहिल्याच दिवशी हिंदुरावांनी वनरक्षक गिरधारी मीणाला आणि मजुरांना एक व्याख्यान दिलं. जुन्या खांबांचे कोपरे गुळगुळीत झाले होते, अक्षरं पार पुसली होती. "ये हवा-पानी का काम है," त्यांनी आपल्या सातारी हिंदीत निदान केलं. मग ओळंबा धरून नवा खांब रोवला, काँक्रीट ओतलं आणि जाहीर केलं, "अब ये मेरे नाती के टाइम तक हिलेगा नहीं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी खांब मान कलती करून, तसाच घट्ट होऊन बसलेला. हिंदुरावांनी मजुरांना फैलावर घेतलं. सिमेंट चोरलं, नीट ठोकलं नाही, काय वाट्टेल ते बोलले. शेवटी पुढचा खांब स्वतःच्या हातानं रोवला आणि सगळे झाडाखाली जेवायला बसले.

तेवढ्यात झुडपांतून एक भलीथोरली नीलगाय आली. तिनं थेट ओल्या खांबाला पाठ लावली आणि डोळे मिटून मनसोक्त खाजवू लागली. खांब हळूहळू कलला.

गिरधारीनं घास गिळला. "साब, हवा आ गई."

हिंदुरावांचे कान तापले. मग त्यांना हसू फुटलं, इतकं की ठसका लागला. उभी हयात देशाची सीमा राखली आणि इथं एका जनावराच्या खाजेपुढं माघार! मजुरांची माफी मागायला धड हिंदी सुचेना, म्हणून त्यांनी नुसते हात जोडले. म्हातारा मजूर म्हणाला, "कोई बात नहीं, फौजीजी. भाजी खाओ."

तेव्हापासून प्रत्येक ओल्या खांबाभोवती बाभळीचे काटे बांधायचं काम हिंदुरावांनी स्वतःकडे घेतलं. संध्याकाळी मालनताई त्यांच्या बोटांतले काटे काढत आणि हसू दाबत.

पहिला वाकडा खांब मात्र फोडावा लागला. घणाचे घाव घालताना हिंदुरावांचा जीव मेटाकुटीला आला. काँक्रीट खरोखरच पक्कं निघालं.