गाईडमधली आई

दर शनिवारी चार वाजता मी तांदळाच्या डब्याला फोन टेकवून ठेवायचे आणि ओट्यासमोर स्टूल ओढून बसायचे. कोपरखैरण्याच्या आमच्या घरात नेट धड मिळायचं ते फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, त्यामुळे पुढ्यात इंग्रजीचा वर्ग आणि बाजूला शिजणारी डाळ, असं माझं कॉलेज होतं. कुकरची शिट्टी व्हायच्या आत मी आपला आवाज बंद करायचे. एकदा विसरले, तर शिकवणाऱ्या बाई वाक्य अर्धवट सोडून म्हणाल्या, "एव्हरीथिंग ओके, मॅम?" त्या मला मॅम म्हणायच्या, मी त्यांना मॅम म्हणायचे. वयाने त्या माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. खारघरच्या कुठल्याशा फ्लॅटमधून शिकवायच्या, मागे नेहमी वाळत घातलेला एक निळा टॉवेल दिसायचा.

त्या शनिवारांची आता फार आठवण येते. तेव्हा मात्र जीव टांगणीला लागला होता. मी बालवाडीत शिकवते. आमच्या शाळेने नवा नियम काढला होता, की जिच्याकडे पदवी नाही तिने वर्ग सोडायचा आणि मदतनीस म्हणून राहायचं. म्हणजे मुलांची नाकं मी पुसायची आणि बडबडगीतं दुसरीने म्हणायची. नाकं मी आधीपासूनच पुसत होते, त्याचं काही नाही, पण माझा वर्ग दुसरीच्या हातात द्यायचा या कल्पनेनेच मला रडू यायचं. पंचेचाळिशीला टेकलेली बाई मी, ऑनलाइन बी.ए.ला नाव घातलं आणि एकेक विषय सोडवत आणला. शेवटी इंग्रजी निबंधलेखनाचा हा एकच कोर्स उरला. तो निघाला तर वर्ग माझा, नाही तर नाही.

पहिलाच निबंध आला तो 'तुमच्या जवळच्या व्यक्तीचं वर्णन करा'. मी मनातल्या मनात टाळी वाजवली. वर्गातले बाकीचे अजून शंका विचारत होते, तोवर मी 'माय मदर' टाइप करायला घेतला आणि डाळीला फोडणी देईपर्यंत पाठवूनही दिला. एक शब्द अडला नाही.

अडणार कसा? दहावीत असताना बेलापूरला एका बिल्डिंगमध्ये आमची शिकवणी असायची. आम्ही खाडीकाठच्या दिवाळे गावातल्या, आमच्या कोळीवाड्यातल्या पाच-सहा मुली चालत जायचो. सर गाईडमधले निबंध आमच्याकडून पाढ्यांसारखे म्हणून घ्यायचे. निबंध पाठ असला की परीक्षेत डोकं थंड राहतं, असं त्यांचं म्हणणं. त्या गाईडमधली आई पहाटे पाचला उठायची, आंघोळ करून देवापुढे दिवा लावायची, मुलांना गरमागरम डबा भरून द्यायची आणि संध्याकाळी त्यांचा अभ्यास घ्यायची. आम्हा सगळ्यांची आई तीच. आमच्यातल्या एकीची आई तर लहानपणीच गेली होती. तीही तोच निबंध लिहायची, आणि आम्हाला कुणालाही त्यात वावगं वाटायचं नाही. मला त्या निबंधाला दहापैकी आठ मार्क मिळाले होते. इंग्रजीत त्याआधी कधी एवढे मिळाले नव्हते.

चार दिवसांनी बाईंचा मेल आला. सोबत माझा निबंध होता आणि तो वरपासून खालपर्यंत पिवळा झाला होता. कॉलेजच्या कुठल्याशा यंत्रणेने तो तपासून दुसरीकडून घेतलेला मजकूर पिवळा रंगवला होता. फक्त माझं नाव पांढरं राहिलं होतं. खाली लिहिलं होतं की ही वाङ्मयचौर्याची बाब आहे, कृपया फोनवर बोलू या.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चोरी? मी? पुस्तक उघडलं नव्हतं, कुठून उतरवलं नव्हतं. तीस वर्षं डोक्यात सांभाळलेला निबंध होता तो! बाईंचा फोन आला तेव्हा मी त्यांना बोलायलाच दिलं नाही. "मॅम, आमच्याकडे ज्याचं पाठ असतं त्याला हुशार म्हणतात," मी म्हटलं, "चोर नाही म्हणत."

मग त्या मराठीत म्हणाल्या, "मला एवढंच सांगा, ही तुमची आई आहे का?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण माझी आई पाचला उठायची नाही. तिची उठायची वेळ खाडीचं पाणी ठरवायचं. भरती जेव्हा होडी आणेल तेव्हा ती धक्क्यावर. कधी मध्यरात्री दोनला, कधी सकाळी नवाला. दिवा आजी लावायची. अभ्यासाचं तर नावच नको, तिला सहीपुरतंही लिहिता येत नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.

"मग तुमची आई मला माहीतच नाही अजून," त्या म्हणाल्या. पुढच्या शनिवारपर्यंत मुदत दिली. नवा निबंध स्वतःचा असला तर ठीक, नाही तर शून्य आणि कोर्स पुन्हा पुढच्या वर्षी. शाळा पुढच्या वर्षापर्यंत थांबणार नव्हती.

तीन दिवस मी 'माय मदर इज' एवढं लिहून खोडत बसले. खरं सांगायचं तर मला माझ्या आईवर एक ओळ सुचत नव्हती. चौथ्या दिवशी सुट्टी टाकून मी दिवाळ्याला गेले. आई बाजारातल्या आपल्या जागी बसली होती. पुढ्यात बोंबील, मांदेली आणि थर्माकोलच्या डब्यात बर्फावर चार पापलेटं. मी आपली सहज आल्यासारखी तिच्या शेजारी बसले आणि ती काय काय करते ते बघायला लागले. पण ताकाला जाऊन भांडं लपवणं मला कधी जमलेलं नाही आणि आईसमोर तर मुळीच नाही.

"अशी काय बघतंस गो? पयल्यांदा बघतंस काय मना?" ती म्हणाली.

शेवटी सांगितलं सगळं. वर्ग जाईल, निबंध पिवळा झाला, तुझ्यावर नव्याने लिहायचंय. ऐकून तिने कोयता बाजूला ठेवला.

"पन तो पयला तर चांगला व्हता," ती म्हणाली. "तू मना वाचून दाखवलावतास. दहावीला."

मला आठवलं. आठ मार्क मिळाले त्या दिवशी मी धावत घरी आले होते आणि एकेक वाक्य मराठीत करून तिला सांगितलं होतं. माझ्या दृष्टीने तो मार्कांचा आनंद होता. त्यात आई कोण आहे, याचा मी विचारच केला नव्हता.

"त्यात तुजी आय गरम डबा भरून देते असा व्हता ना," आई म्हणाली. "मना वाटला, पोरीला अशी आय पायजे. तोंडावर बोलत नाय, सरांना लिवून सांगते. मंग मी गेली त्या बिल्डिंगमधल्या बाईकडं, जी माझ्याकडशी कोलबी घ्यायची. तिच्याकडशी चपात्या शिकली."

दहावीच्या वर्षी अचानक सुरू झालेल्या त्या चपात्या! आमच्या घरात तांदळाच्या भाकरीशिवाय दुसरं काही होत नसे. या चपात्या वाकड्यातिकड्या, एका बाजूने करपलेल्या, आणि त्यांना मासळीचा वास. वर्गातल्या मुलींसमोर डबा उघडायची मला लाज वाटायची. मी त्या रोज शाळेमागच्या कुत्र्याला घालायचे आणि रिकामा डबा घरी आणायचे. धक्क्यावर जायच्या आधी तासभर उठून ती त्या लाटत होती आणि रिकामा डबा बघून खूश होत होती. तीस वर्षं मी समजत होते, की आईला तेव्हा उगाच बिल्डिंगवाल्यांसारखं वागायचं खूळ लागलं होतं.

मी तिथेच, बोंबलांच्या पाटीशेजारी रडले. एक गिऱ्हाईक मागे सरकलं. आईला वाटलं मी वर्ग जाईल म्हणून रडतेय. ती म्हणाली, "नको रडू, आपन दुसरा लिवू."

घरी येऊन मी लिहिलं. पाण्याच्या वेळा लिहिल्या, चपात्या लिहिल्या, कुत्राही लिहिला. एका पानाला दोन दिवस लागले. शनिवारी पाठवला, आणि पुढच्या आठवड्यात तो परत आला तेव्हा यंत्रणेने त्यातला एकही शब्द पिवळा केला नव्हता. बाईंनी मात्र जागोजागी लाल केलं होतं. दहापैकी सहा. गाईडमधल्या आईला आठ आणि माझ्या आईला सहा, यावर मी पुष्कळ हसले. पण पुढचे निबंधही असेच काढले आणि कोर्स निघाला, वर्ग माझ्याकडेच राहिला.

सहा मार्क मिळाले त्या आठवड्याच्या रविवारी छापील कागद घेऊन दिवाळ्याला गेले. दुपारची वेळ, बाजार उठला होता. आई घरापुढच्या ओट्यावर पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत होती. मी निबंध आणलाय म्हटल्याबरोबर तिने पाय जवळ घेतले, हात पदराला पुसले आणि ताठ बसली. शाळेतली नवी मुलगी बसते तशी, बाई आता काय सांगतील ते नीट ध्यानात ठेवायला.

"आई," मी म्हटलं, "तू नुसतं ऐक हां. ह्यातलं काही करायचं नाही."