रोजच्यासारखं जेवून या

वर्षभर मी एकच वाक्य ऐकत होते: रिपोर्ट बठ्ठा चांगला शे, म्हणजे सगळा चांगला आहे. आमचे हे पाचोऱ्याच्या लॅबमधला कागद घेऊन बाहेर यायचे आणि असं सांगायचे, जणू परीक्षेत तेच पास झाले. उपाशीपोटीची साखर ब्याण्णव. मग माझ्या पायाची जखम दोन महिने का भरत नव्हती? दुपारी जेवले की डोळ्यांपुढे धुरकट का दिसायचं? तर म्हणे, वय झालं, आणि तुला लोळायला निमित्त पाहिजे. अस्सा संताप यायचा! मला पाय जायची भीती वाटत होती, आणि यांना निमित्त दिसत होतं.

नवीन डॉक्टरीणबाईंनी विचारलं, जेवल्यानंतर दोन तासांनी कधी रक्त दिलंत का? दिलं होतं की, एकदा. पण साखर वाढू नये म्हणून नुसती दोन बिस्किटं खाऊन गेले होते, आमच्या गल्लीतल्या साऱ्या बाया तसंच करतात. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, रात्रभर उपाशी असता तेव्हा शरीर साखर सांभाळून घेतं, जेवणाचा भार पडला की त्याला झेपत नाही. रोजच्यासारखं जेवून या.

रोज मी काय जेवते हे घरात कुणी पाहिलंच नव्हतं. यांची आणि दोन्ही मुलांची जेवणं उरकली की तीन वाजता पातेल्यात राहील ते माझं. टाकवत नाही म्हणून भाताचा ढीग, कणकेच्या दोन बट्ट्या, तळाचं वरण. भाजी तोवर संपलेली. तेच सगळं डब्यात भरलं आणि लॅबच्या बाकावर यांच्या शेजारी बसून, लोक बघत होते तरी, शेवटच्या शितापर्यंत खाल्लं. दोन तासांनी रक्त दिलं. दोनशे चौसष्ट.

"मुद्दाम एवढं खाल्लंस," हे म्हणाले.

"रोज एवढंच खाते. तुम्ही आज पाहिलं."

दुसऱ्या दिवशी साडेबारा वाजता मी सगळ्यांच्या आधी माझं ताट वाढलं. भरपूर भाजी, एक भाकरी, वाटीभर वरण, भात चमचाभर. हे स्वयंपाकघराच्या दारात थांबले, पातेल्याकडे बघत. मग उरलेला भात कोण खाणार, असं विचारलं त्यांनी. माझ्या पायाचं काही नाही विचारलं.

"ज्यांना रोज पातेलंभर भात लागतो, त्यांनी खावा," मी म्हटलं, आणि भाजी पुन्हा वाढून घेतली.