घोडपदेव ते मोंबासा: तेवीस किलोंचं माहेर

आफ्रिकेला जायचं ठरलं त्या दिवशी मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर दोन टॉर्च विकत घेतल्या. एक बिघडली तर दुसरी असावी. माझा स्वभावच तसा आहे. गॅस बंद केला का, ते बघायला मी जिना चढून परत वर येतो. असा माणूस बाहत्तराव्या वर्षी, पहिल्यांदाच विमानात बसून केनियाला जाऊन आला. तुमच्यापैकी कुणी घाबरून बसलं असेल तर त्याच्यासाठी हे लिहितोय.

माझी मुलगी वैशाली मोंबासाला राहते. जावई तिथे एका कारखान्यात हिशोब बघतात. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत, पण डॉक्टरांनी वैशूला विमानात बसू दिलं नाही. मुलगी तिकडेच झाली. माहेर म्हणजे तरी आता मी एकटाच. सुमन, माझी बायको, तीन वर्षांपूर्वी गेली. जावई म्हणाले, "बाबा, माहेराला तिकीट पाठवतो. तुम्हीच या." बारसंही माझ्यासाठी थांबवलं.

वैशूने मागितली एकच गोष्ट. "आईची एक सुती साडी आणा. बाळाला झोळी बांधायचीय."

मी म्हणालो, "अगं, त्यांना कसर लागली. टाकून दिल्या सगळ्या."

खोटं बोललो. सहा साड्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात घड्या घालून होत्या. डांबराच्या गोळ्या बदलायच्या असल्या तरच मी तो कप्पा उघडायचो. त्यातलं काही बाहेर जावं असं वाटत नव्हतं, आणि तसं सांगायची लाजही वाटत होती. वैशू म्हणाली, "बरं. मसाला तरी आणा."

तर तयारी. पहिलं काम म्हणजे पिवळ्या तापाची लस. ती सरकारी केंद्रातच मिळते आणि आधी वेळ घ्यावी लागते. मला तीनशे रुपये पडले. साठीच्या पुढच्यांना डॉक्टर खूप प्रश्न विचारतात, तेव्हा जुने कागद सोबत ठेवा. लस घेतल्यावर दहा दिवसांनी तो पिवळा दाखला लागू होतो, म्हणून शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. मी दाखल्याच्या चार झेरॉक्स काढल्या. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या. मच्छरदाणी दादरला घेतली. घरी येऊन ती पलंगावर बांधून आत झोपूनही बघितलं, भोकं नाहीत ना म्हणून.

मग लालबाग. मिरच्या, धणे, बडीशेप, दगडफूल घेऊन समोरच डंकावर मालवणी मसाला कुटून घेतला, दोन किलो. डंकावरच्या बाई म्हणाल्या, "काका, आफ्रिकेत हॉटेल काढताय काय?" कोकमं, मेतकूट, कुळथाचं पीठ, डिंकाचे लाडू. सुका जवळाही घेणार होतो, पण जावयांनी मासळी आणू नका म्हणून बजावलं. तुम्हीही नेऊ नका.

बांधाबांध मात्र मला कुणी शिकवायची गरज नाही. गिरणीत बावीस वर्षं मी कापडाच्या गाठी बांधल्या. त्यातल्या कितीतरी गाठी मोंबासाच्याच होत्या. डॉम्निक, माझा तेव्हाचा जोडीदार, गाठीवर काळ्या शाईने गावाचं नाव उठवायचा. आता तो गिरगावात राहतो. त्याचीच मोठी बॅग मी मागितली होती. बॅगेबरोबर तो ताणकाटा घेऊन आला आणि ब्रशही.

"दत्त्या, मोंबासाची गाठ आहे. मार्किंग नको?" असं म्हणून त्याने बॅगेवर पांढऱ्या रंगात वीतभर इंग्रजी अक्षरांत मोंबासा लिहिलं. हात अजून सरळ आहे त्याचा. "इतका माल पाठवला आपण तिकडे. जाऊन बघ, पोचला काय ते."

जायला दोन दिवस होते. बॅग बरोबर तेवीस किलो भरली, विमानात चालते तेवढीच. मी खुशीत वैशूला व्हिडिओवर दाखवली. ती किंचाळलीच. "बाबा! सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत? इथे प्लास्टिक पिशव्या बंद आहेत. विमानतळावर काढून घेतात!"

चाळीतल्या कुठल्याही घरासारखं माझ्याकडेही पिशव्यांच्या पिशवीत पिशव्या. एकेका पुड्याला मी तीन-तीन चढवल्या होत्या. धावत हिंदमाताला गेलो, पॉपलिनचे कटपीस आणले. शेजारच्या शालिनीवहिनींकडे शिवणयंत्र आहे. त्या बसल्या शिवायला, पण मीच कापडाचा वास घेऊन हात धरला. कोऱ्या कापडाला खळ असते. मसाल्याला तो वास लागला असता. धुऊन मऊ झालेलं सुती कापड पाहिजे होतं. वहिनींच्या घरात सगळं नायलॉन.

"भावोजी," वहिनी म्हणाल्या, "सुमनच्या साड्या असतीत मा?"

मी कटपिसांच्या घड्या घालायला लागलो. मग म्हणालो, "नाय जमायचं. जाणंच रद्द करतो. तब्येतीचं कारण सांगतो."

"कित्याक एवढे घाबरतास? चेडवाक भेटाक जातास, लढायेक नाय." मग हळूच म्हणाल्या, "फाटकी असात ती देवा. तिनाच दिली असती."

दिली असती, हे खरं. सुमनने माझ्या फाटक्या सदऱ्यांच्याही पिशव्या केल्या होत्या. मी कप्पा उघडला आणि सगळ्यात विरलेल्या दोन साड्या काढल्या, एक निळी चौकड्याची, एक जांभळ्या काठाची. वहिनींनी कात्री लावली तेव्हा मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आत यंत्र खडखडत होतं. तासाभरात चौदा पिशव्या झाल्या, नाड्यांसकट. त्यात मसाला भरून हाताने दाबला आणि मला एकदम बरं वाटलं. गाठ बसली होती.

निघायच्या सकाळी, कुणी बघत नसताना, हिरवी इरकल साडी मी अख्खी बॅगेच्या तळाशी ठेवली. आणि भीती वाटली म्हणून मेणबत्त्या, एक लोखंडी साखळी, दुसरी टॉर्च आणि किलोभर पोहेही वर कोंबले.

विमानतळावर काट्याने पंचवीस किलो दाखवले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, दोन किलो कमी करा." तिथेच फरशीवर बसून बॅग उघडली. साखळी काढली. मेणबत्त्या काढल्या. टॉर्च काढली. साडीपर्यंत हात गेला आणि मागे आला. पोहे काढले. सफाईवाल्या बाईंना विचारलं, घेता का. त्या हसल्या, "शेंगदाणे पण द्या ना, आजोबा." बॅग तेवीसवर आली.

विमानाचं फार लिहीत नाही. सहा तास पट्टा सोडला नाही. नैरोबीला सामानाच्या फिरत्या पट्ट्यावर इतक्या काळ्या बॅगा होत्या, पण डॉम्निकचं मोंबासा लांबूनच दिसलं. जावई न्यायला आले होते. तिथून मोंबासाला आगगाडीने गेलो, पाच-सहा तास लागतात. तिकीट आधीच काढा आणि खिडकी मागा. चढण्याआधी सगळ्यांचं सामान जमिनीवर ओळीत मांडायला लावतात आणि कुत्रा हुंगत जातो. माझ्या बॅगेपाशी तो थांबला. नाक लावलं. आणि असा शिंकला की शिपाईसुद्धा दचकला. जावई इंग्रजीत म्हणाले, मसाला आहे. शिपायाने बॅग उघडायला लावली, एक निळी पिशवी उचलून बघितली, हुंगली आणि तोही शिंकला. मग सगळी रांग हसली. मीही हसलो.

वाटेत लाल मातीत लोळून लाल झालेले हत्ती दिसले, मोजून अकरा. पुढे नारळ लागले. जाडजूड बुंध्याच्या गोरखचिंचा इतक्या, की आपल्या राणीच्या बागेतली त्यांची लांबची पाहुणी वाटावी. हवा तर अशी चिकट, की उतरल्या उतरल्या मी म्हणालो, "ही तर आपलीच हवा!"

घरी वैशूने नातीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः बॅग उघडायला बसली. मसाल्याची पिशवी हातात घेतली आणि थांबली. दुसरी काढली. चौकडा, जांभळा काठ. एकेक पिशवी काढून तिने ओळीत मांडली.

"बाबा," ती म्हणाली. "कसर लागली होती ना?"

मी नातीकडे बघत राहिलो.

"सुती साडीला? डांबराच्या गोळ्यांत? गिरणीवाल्याच्या घरात?" ती हसतही होती आणि डोळेही पुसत होती. "खोटं तरी नीट बोलायचं!"

"तळाशी बघ," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी हिरव्या इरकलीची झोळी छताच्या कडीला बांधली. गाठ मीच मारली, तीनदा ओढून बघितली, आणि आधी तांदळाची पिशवी ठेवून झोका दिला. वैशू म्हणाली, "बाबा, आता बाळाला ठेवा." मसाला बरण्यांत गेला. पिशव्या गरम पाण्यात उकळून, उन्हात वाळवून, उसवून तिने त्यांची झबली शिवली. थोडा पिवळा डाग राहिलाच. बारशाला शेजारची मोंबासाची बाई आली होती. तिने दोन रंगीत कांगा आणल्या, तिथल्या बायका गुंडाळतात ती सुती कापडं. एक नातीला, एक मला. मी सवयीने काठ चिमटीत धरून बघितला. "चांगलं कापड," मी मराठीतच म्हणालो. तिला कळलं.

महिन्याभराने परत आलो. डॉम्निकच्या काट्यावर बॅग नऊ किलो भरली. "माल पोचला," मी त्याला सांगितलं.

काय न्यावं, असं कुणी विचारलं तर सांगेन: पिवळा दाखला, मलेरियाच्या गोळ्या, मच्छरदाणी, कापडी पिशव्या, टॉर्च एकच. बाकी भीती घरीच ठेवा. तिला वजन फार.

कपाटात आता तीन साड्या आहेत आणि कांगा. काल ऊन चांगलं होतं, म्हणून चारही कापडं गॅलरीतल्या दोरीवर टाकली. शालिनीवहिनी बाहेर आल्या, बघून म्हणाल्या, "काय ओ भावोजी, कसर लागली की काय?"

वैशूने त्यांनाही सांगितलंय.

"लागू नये म्हणून," मी म्हणालो, आणि चिमटे लावले.